आगबोटीवरील शिदोरी

विलायतेच्या प्रवासांतील शिदोरीची गोष्ट निघाली कीं जयपूरच्या महाराज माधोसिंहांचे रुप्याचे गंगाजलकुंभ प्रथम आठवतात. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास ते निघाले, तेव्हां हे कुंभ बोटीवर चढले. एकेकाची चांदी सुमारें ३४५ किलो! सोंवळें इतकें महाग पडावें, हें संस्थानिकांसच शोभे.

आम्हांस मात्र १८८८ सालची एक लहानशी शिदोरी अधिक बोलकी वाटते. त्या सप्टेंबरांत मुंबईहून निघालेल्या एका आगबोटीवर अठरा वर्षांचे मोहनदास गांधी होते. मांस न खाण्याची शपथ त्यांनीं आईपाशीं घेतली होती. पण केवळ शपथेनेंच त्यांस खोलींत कोंडलें असें समजणें बरोबर नव्हे. सुरीकांट्यांनीं जेवण्याची संवय नाहीं, कोणता पदार्थ निर्मांस आहे हें विचारण्याचा धीर नाहीं, असें आत्मकथेंत त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. म्हणून घरून आणलेली मिठाई व फळें हाच बहुतेक आहार, आणि तोही खोलींतच. सोबतचे मजमुदार वकील सर्वांत मोकळेपणानें मिसळत. चुका झाल्या तरी इंग्रजी बोलत जावें, असा त्यांचा आग्रह असे. पण भोजनाच्या मेजाकडे या तरुणाचें पाऊल कांहीं वळलें नाहीं.