उजेडाचा पल्ला: सेवाग्रामच्या कुटीपासून एचडीआरपर्यंत

एचडीआर छायाचित्र म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन, पाच किंवा सात फोटो घेऊन त्यांतून जुळवलेले एक चित्र. एका फोटोत उजेड आणि सावली यांचा जेवढा पल्ला मावत नाही, तेवढा या जुळणीत मावतो. ही खटपट मुळात का करावी लागते, ते वर्धा जिल्ह्यात मे महिन्याच्या भर दुपारी एखाद्या कवेलूच्या घरात शिरताना कळते. अंगणात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. आतल्या खोलीत, मातीच्या भिंतीपाशी, तो शंभरावर गेला तरी पुष्कळ. हा हजारपटीचा फरक माणसाचा डोळा थोडा वेळ घेऊन पचवतो. आत आल्यावर आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू उतरंड, खाट, कोनाडा अशा वस्तू उमटू लागतात. कॅमेऱ्याला हा अवधी मिळत नाही. आतल्या माणसाचा चेहरा नीट यावा म्हणून जास्त उजेड घेतला, तर दार पांढरेफटक पडते. अंगण सांभाळले, तर माणूस काळाठिक्कर होतो.

छपाईत अडचण आणखी वाढते. चांगल्या ब्रोमाइड कागदावरही सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा भाग यांत शंभरपटीच्या आसपासच फरक दाखवता येतो. वर्तमानपत्राच्या कागदावर तर त्याहून पुष्कळ कमी. म्हणून कडक उन्हातला प्रत्येक फोटो हा आवळून बसवलेलाच असतो. काय राखायचे आणि काय सोडून द्यायचे, ही निवड छायाचित्रकाराच्या हाती उरते. एचडीआर सुरुचीचे की भडक, या वादाच्या तळाशी हीच निवड आहे. तिचा एक मोलाचा अध्याय वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) या गावापासून थोड्याच किलोमीटरवर, सेवाग्रामात घडला.

अनेक फोटोंतून एक चित्र करण्याची युक्ती संगणकापेक्षा फार जुनी आहे. १८५०च्या दशकात काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन निगेटिव्ह करत. हा थर निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई, त्यामुळे जमीन नीट येईपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. फ्रान्समधल्या गुस्ताव ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास आपल्या काही समुद्रचित्रांसाठी आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजाच्या रेषेवर जुळवून एकाच कागदावर छापल्या. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ साली मरणोन्मुख मुलीचे चित्र पाच निगेटिव्हमधून तयार केले, आणि असे जुळवलेले चित्र खरे मानायचे का, हा वाद तेव्हाच पेटला.

मुंबई या वादापासून दूर नव्हती. १८५४ साली तिथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या क्रियाशील सभासदांपैकी एक होते. याच मंडळातल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेक चित्रांमध्ये माणसे स्टुडिओत टिपलेली आणि पाठीमागची जागा उघड्यावर वेगळी टिपलेली आहे. दोन्ही नंतर एकत्र केली आहेत. माणसांवर पडद्याआडचा मवाळ उजेड आणि मागे समुद्रकाठचे ऊन, अशी ती चित्रे पाहताना आजही क्षणभर काहीतरी खटकते. एचडीआरवर पुढे जो आक्षेप घेतला गेला, त्याचे मूळ या खटकण्यात सापडते.

स्टुडिओचा धंदा गावोगाव पोचल्यावर संस्करण ही रोजची कारागिरी झाली. रिटचिंगचे तिरके मेज खिडकीपाशी मांडलेले असे. त्यावरच्या काचेवर निगेटिव्ह ठेवून खालून उजेड घेतला जाई. टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या आणि देवीचे व्रण भरले जात, नको असलेला काळसरपणा पात्याने खरवडला जाई. मग छापलेल्या फोटोवर पाण्याच्या किंवा तेलाच्या रंगांनी लुगड्याचा काठ, नथ, पगडी रंगवत. अशा चित्रांत चेहऱ्याची काळी बाजू सहसा उजळलेली असे. फोटो बैठकीच्या खोलीत वाडवडिलांची आठवण म्हणून टांगायचा असे, आणि अर्धा चेहरा सावलीत जाणे घरच्यांना अपुरे वाटे. दादासाहेब फाळके हेही या जगातूनच वर आले. गोध्र्याला फोटोस्टुडिओ, मग रविवर्मा छापखान्यासाठी फोटोलिथोचे काम, आणि पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेली दृश्ये, अशी त्यांची वाट आहे. प्रेक्षकांनी त्या जुळणीला फसवणूक म्हटले नाही. पुराणकथेच्या चित्राकडून त्यांची अपेक्षाच तशी होती.

सेवाग्रामची अपेक्षा अगदी वेगळी होती. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमातली घरे जवळपास मिळणाऱ्या सामानाची: माती, बांबू आणि कवेलू. उन्हाळ्यात गार राहावी म्हणून छपरे खाली उतरलेली, पडव्या खोल, खिडक्या बेताच्या. राहायला सुखाची आणि फोटोला कठीण, अशीच ही बांधणी. इथे गांधीजींच्या कार्यालयात पत्रे आणि हिशेब सांभाळणारे त्यांचे चुलतनातू कनू गांधी (१९१७–१९८६) यांना फोटो काढण्याची ओढ लागली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांच्या हाती रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम बसवून किंवा उभे करून फोटो घ्यायचा नाही, आणि आश्रमाकडून खर्च मागायचा नाही.

या अटींकडे आश्रमाच्या शिस्तीचा भाग म्हणून पाहिले जाते, आणि ते बरोबरच आहे. छायाचित्रकलेच्या बाजूने पाहिले, तर उजेडाच्या पल्ल्याबद्दलचा हा एक स्पष्ट निर्णयही होता. फ्लॅश नाही म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात बाहेरून उजेड आणायचा नाही. कोणाला हलवायचे नाही म्हणजे माणसाला खिडकीशी बसवूनही सोय करून घ्यायची नाही. वर गांधीजींच्या अंगावर पांढरी खादी, जी थोडाही उजेड उचलते, आणि पाठीमागे मातीची भिंत, जी तो शोषून घेते. रोलायफ्लेक्सच्या एका रोलवर चौरस आकाराचे फक्त बारा फोटो येत आणि रोल स्वतःच्या पैशाने घ्यायचा, म्हणजे एकाच क्षणाचे तीन निरनिराळे फोटो घेऊन पाहण्याची चैनही नव्हती. शटर जास्त वेळ उघडे ठेवावे लागे. त्यामुळे या फोटोंत कुठे हात हललेला आहे, कुठे पांढरा भाग जळून गेला आहे, कुठे चेहरा अर्धा अंधारात आहे. तरीही गांधीजींच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांचे इतक्या जवळचे दर्शन दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यातून मिळत नाही. काळोख तिथे दोष म्हणून उरत नाही. खोली किती अंधारी होती आणि त्या खोलीतला माणूस कसा राहत होता, हे तोच सांगतो.

फ्लॅशने काय झाले असते, याचे उत्तरही इतिहासात आहे. १९४६ साली अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्याला गांधीजींचे चित्र घेण्यासाठी आल्या. चरख्यासह फोटो हवा असेल तर आधी सूतकताई शिका, असे त्यांना सांगण्यात आले. खोली अंधारी होती. बऱ्याच विनवण्यांनंतर तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला. पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी, हे जगभर पोचलेले चित्र त्या भेटीतले. त्यात कृत्रिम उजेड आहे, पण खोलीची छाया पुसलेली नाही. खिडकीचा उजेड मुख्य राहतो आणि बल्बचा उजेड त्याच्या मागून चालतो. या दोन उदाहरणांवरून साधनाला दोष देता येत नाही; मुख्य उजेड कोणता, हे चित्रात टिकले की नाही, ते पाहावे लागते.

डार्करूममध्ये हेच तत्त्व पाळले जाई. एन्लार्जरखाली छपाई करताना हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखादा भाग झाकून उजळ ठेवणे आणि दुसऱ्या भागाला जास्त वेळ देऊन गडद करणे, हे कोणत्याही चांगल्या छपाईकाराला येत असे. अमेरिकेच्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या चंद्रोदयाच्या प्रसिद्ध चित्राच्या प्रती वर्षांगणिक बदलत गेल्या: निगेटिव्ह तीच, आकाश मात्र अधिकाधिक काळे. त्याला कोणी भडक म्हटले नाही. दरम्यान चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोटांच्या चित्रणासाठी कमी-जास्त संवेदनशीलतेचे तीन थर असलेली फिल्म बनवली होती; तिचा हेतू शुद्ध मोजमापाचा होता.

आजच्या अर्थाचे एचडीआर १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांच्या शोधनिबंधाने रूढ झाले. अनेक फोटोंवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा खरा उजेड कसा काढायचा, हे त्यात दाखवले होते. पण असा प्रचंड पल्ला पडद्यावर मावत नाही. तो पुन्हा आवळावाच लागतो. २००३च्या सुमारास आलेल्या फोटोमॅटिक्स या आज्ञावलीने आणि २००५ साली फोटोशॉपमध्ये आलेल्या सोयीने हे आवळणे कोणालाही करता येऊ लागले, आणि पुढची काही वर्षे जगभर एचडीआरची लाट आली. या लाटेतली चित्रे ओळखायला अडचण पडत नाही. ढग शिशासारखे जड, गवत विषारी हिरवे, भिंतीच्या प्रत्येक खपल्याला धार, आणि छपराच्या कडेभोवती आकाशात पांढरी झाक. ही झाक येण्याचे कारण साधे आहे. आज्ञावली प्रत्येक बिंदू त्याच्या आसपासच्या सरासरीशी ताडून पाहते. काळ्या छपराला लागून असलेल्या आकाशाची सरासरी छपरामुळे खाली येते, म्हणून तिथले आकाश बाकीच्या आकाशाइतके गडद केले जात नाही.

अशा चित्रांच्या बाजूने एक युक्तिवाद होतो: आपल्या लघुचित्रांत आणि पोथीचित्रांतही सावली नसते, सगळे सारखेच उजळ असते. हा युक्तिवाद टिकत नाही. लघुचित्र सूर्य कुठे आहे, असा दावाच करत नाही. भडक एचडीआर मात्र जमिनीवर उन्हाच्या लांब सावल्या ठेवते आणि त्याच वेळी पडवीचा आतला कोपरा अंगणाइतका उजळते. डोळ्याला ते पटत नाही, आणि न पटणे हेच इथे चित्राच्या भडकपणाचे लक्षण ठरते. जिथे सावल्यांतला तपशील थोडा उघडला आहे पण अंगण घरापेक्षा उजळच राहिले आहे, तिथे तेच तंत्र कलेच्या कामी आलेले असते. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांत, जिथे आतला स्तंभ आणि दाराबाहेरची दरी एकाच चौकटीत येतात, त्याचा संयमी वापर खरोखर उपयोगी पडतो.

सावंगी (मेघे) इथे हाच पल्ला आवळण्याचा व्यवहार वेगळ्याच कारणाने रोज चालतो. १९९० साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय या गावात आहे. सीटी स्कॅनच्या चित्रात हवेपासून हाडापर्यंत सुमारे चार हजार पायऱ्या नोंदल्या जातात. डोळ्याला पडद्यावर करड्या रंगाच्या त्यातल्या थोड्याच छटा वेगळ्या ओळखता येतात. म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ एका वेळी एकच ‘विंडो’, म्हणजे त्या पायऱ्यांचा एकच पट्टा, उघडतात: मेंदूसाठी अरुंद, फुप्फुसासाठी रुंद. सगळे एकदम दाखवण्याचा हट्ट धरला, तर मेंदूतला बारीक रक्तस्राव करड्या सपाटीत हरवून जाईल. त्वचेचा किंवा जखमेचा फोटो नोंदीसाठी घेताना रंग खुलवण्याला वैद्यकात जागा नसते, कारण लालीच्या एका छटेवर निदान फिरू शकते.

बाहेरच्या रस्त्यावर चित्र उलट आहे. लग्नाच्या अल्बममध्ये आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरे उजळ, आकाश निळेगर्द आणि सावली नावालाही नाही. जुन्या स्टुडिओत फोटो रंगवून घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आवड इथे सरळ पुढे आलेली दिसते. उत्सवाच्या चित्राला तो थाट शोभतो. तोच थाट निसर्गचित्रावर किंवा बातमीच्या फोटोवर चढवला की खटकतो. बातमीच्या फोटोंबाबत नियमही कडक होत गेले: २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिमपूर्व फेरीतल्या सुमारे वीस टक्के प्रवेशिका अतिसंस्करणामुळे बाद झाल्या.

२०१० साली आयफोनमध्ये एचडीआरची सोय आली आणि २०१३ साली गूगलने आपल्या नेक्सस फोनमध्ये लागोपाठ टिपलेल्या अनेक फोटोंची आपोआप जुळणी सुरू केली. आता हे तंत्र सहसा वेगळे निवडावे लागत नाही. बटण दाबताच ते घडून गेलेले असते. कवेलूच्या घराच्या दारातून आज फोनने फोटो घेतला, तर अंगणातले ऊन आणि आतली उतरंड दोन्ही न मागता जवळपास सारखीच उजळ येतात. खोलीचा अंधार हवा असेल, तर पडद्यावर बोट ठेवून ते खाली ओढावे लागते.