पिलूपुऱ्याच्या अलीकडे

गुरुवार, २१ मे २०१५. दुपारी १२.१५, बोरिवली

गाडी वेळेवर आली. माणसांच्या दीडपट बॅगा, त्यातली एक नुसती स्वेटरांची. मे महिन्यात बोरिवलीच्या फलाटावर स्वेटरांची बॅग उचलणाऱ्या माणसाकडे हमाल ज्या नजरेनं बघतात, ती नजर झेलत आम्ही चढलो. बायको, मुलगी, सासूबाई आणि मी. मुक्काम नैनीताल.

तिकिटं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काढली होती. तेव्हा आरक्षण साठ दिवस आधी उघडत असे, त्यामुळे सकाळी आठच्या ठोक्याला संगणकासमोर बसून मिळवलेली ही शयनयानाची चार तिकिटं घरात बक्षिसासारखी मिरवली गेली. शुक्रवारी सकाळी आठला दिल्ली, दुपारी चारला जुन्या दिल्लीहून काठगोदामची गाडी. मध्ये आठ तास. एवढ्या अंतरात काय बिघडणार, असा हिशेब होता.

आम्ही निघालो त्याच दिवशी राजस्थानात भरतपूर जिल्ह्यात, बयाना गावाजवळ गुर्जर समाजाची महापंचायत होती. तारीख आधीच जाहीर झाली होती. जयपूरच्या वर्तमानपत्रांना ती ठाऊक होती, पोलिसांना ठाऊक होती, सरकारलाही. बयान्याहून आमची गाडी पहाटे चारच्या सुमाराला जाणार होती.

दुपारी ३.२०, सुरत

दशम्या, लसणाची चटणी, कैरीचं तक्कू. मुलीनं खिडकी पकडली ती सोडली नाही. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

संध्याकाळी ६.००, बडोदा सोडल्यावर

समोरच्या बाकावर हिंडौनचे एक दगडाचे व्यापारी होते. मुंबईत वसुली करून घरी निघालेले. त्यांचा फोन वाजला, ते बराच वेळ नुसतं हं हं करत राहिले आणि फोन ठेवून आम्हाला म्हणाले, "बैठ गए."

कोण, कुठे, हे विचारायची वेळ आमच्यावर आली. डब्यातल्या राजस्थानी मंडळींना ते विचारावं लागलं नाही.

सभेतून उठलेला जमाव पिलूपुऱ्याला रुळांवर जाऊन बसला होता. हिंडौन सिटी आणि बयाना यांच्यामध्ये फतेहसिंहपुरा आणि डुमरिया अशी दोन लहान स्टेशनं आहेत, त्यांच्या पट्ट्यात पिलूपुरा. मुंबई–दिल्ली हा दुहेरी मार्ग गुर्जरांच्या गावांच्या अंगणातून जातो. जयपूरला जाऊन घोषणा दिल्या तर जयपूरला ऐकू येतात. इथे बसलं की मुंबईत, बडोद्यात, कोट्यात, दिल्लीत एकाच वेळी फलाट भरतात. निवृत्त कर्नल किरोडीसिंह बैंसला यांना हे गणित पुरतं माहीत होतं. फौजेतून आलेल्या माणसानं नकाशातली अरुंद जागा अचूक हेरली होती.

संध्याकाळी ७.३०, गोध्रा मागे पडलं

व्यापारी गुर्जर नव्हते. त्यांचा माल अडकतो, मजूर अडकतात, त्यामुळे त्यांना आंदोलनाबद्दल प्रेम असण्याचं कारण नव्हतं. तरी त्यांनी जे सांगितलं ते बऱ्यापैकी निवाड्याचं होतं, आणि पुढे मी ताडून पाहिलं तेव्हा खरंही निघालं.

मूळ मागणी अनुसूचित जमातीत घालण्याची. शेजारच्या मीणा समाजाला तो दर्जा आहे, त्यांची मुलं अधिकारी झाली, आमची गुरंच राखतात, ही ठसठस. २००३ च्या निवडणुकीआधी तसं आश्वासन मिळालं होतं. ते पुरं होईना म्हणून २००६ मध्ये हिंडौनला पहिल्यांदा रूळ अडवले गेले. २९ मे २००७ ला जयपूर–आग्रा महामार्गावर पाटोलीला गोळीबार झाला. पुढच्या वर्षी २३ मे २००८ ला याच पिलूपुऱ्यात. लोकांनी मृतदेह उचलू दिले नाहीत, कित्येक दिवस ते रुळांशेजारी ठेवून माणसं बसून राहिली. त्या दोन वर्षांत मिळून ७० च्या आसपास माणसं गेली. २००८ चं आंदोलन २७ दिवस चाललं.

त्यानंतर कायदा झाला, विशेष मागास वर्ग म्हणून ५ टक्के. पण राजस्थानात अनुसूचित जाती १६, जमाती १२, इतर मागास २१, अशी बेरीज आधीच ४९ वर होती. न्यायालयाची मर्यादा ५० ची. म्हणजे हातात उरला १ टक्का, बाकी स्थगित. डिसेंबर २०१० मध्ये नाताळाच्या सुट्ट्यांत पुन्हा पिलूपुरा. आणि आता हे.

आमच्या डब्यात एकजण तावातावानं म्हणाला की असल्यांना फटकावून उठवलं पाहिजे. व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि २००८ चं तेवढंच पुन्हा सांगितलं. फटकावून पाहिलं होतं.

मला राहून राहून एकच गोष्ट खुपत होती. मुख्यमंत्री २००८ ला वसुंधरा राजे, आता २०१५ लाही त्याच. कर्नल तेच, जागा तीच, महिनाही तोच. गाडी किती वाजता कुठे पोचेल हे जेवढं सांगता येतं, त्याहून पक्कं हे वेळापत्रक होतं. फक्त तिकीटवाल्यांना ते कुणी दिलं नाही. दुपारी बाराला गाडी सोडताना महापंचायतीची खबर असणारच, पण फलाटावर एक ओळही ऐकू आली नव्हती.

रात्री ९.३०, रतलाम

दहा मिनिटांचा थांबा पाऊण तास झाला. लोक खाली उतरून शेव विकत घेत होते. रेल्वेचा चौकशीचा १३९ नंबर लागत नव्हता, लागला की गाडी 'वेळेवर' असल्याचं सांगत होता. एका कॉलेजवयीन मुलानं रेल्वेमंत्र्यांना ट्विट केलं आणि सगळ्या डब्याला वाचून दाखवलं. सुरेश प्रभू आपल्या कोकणातले, तेव्हा काहीतरी होईल असं सासूबाईंना मनापासून वाटलं.

रात्री ११.१०, नागदा

सगळा खेळ इथे होता, आणि डब्यातल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

नागद्याला वाट फुटते. सरळ गेलं की शामगढ, कोटा, सवाई माधोपूर, बयाना, मथुरा. उजवीकडे वळलं की उज्जैन, भोपाळ, बीना, झाशी, आग्रा आणि मग मथुराच. दुसरी वाट बरीच लांबची, पण मोकळी. इथून उजवीकडे गेलो तर दिल्लीला दुपारपर्यंत टेकू, काठगोदामची गाडी कदाचित मिळेल. सरळ गेलो तर पुढे वळायला जागा सवाई माधोपूर. तिथून जयपूरकडे जाणारा एकेरी मार्ग.

मी दारात उभा राहून गार्डच्या दिव्याकडे बघत होतो. तासभर गाडी हलली नाही. शेजारच्या रुळावरून एक गाडी निघून गेली, ती उज्जैनकडे गेल्याचं चहावाल्यानं सांगितलं. मग आमची सुटली. दिवे कोणत्या बाजूनं सरकतात हे बघत राहिलो. सरळ.

कोट्याचे प्रवासी खूश झाले. त्यांच्यासाठी गाडी सरळ जाणं बरोबरच होतं. कोट्याला क्लासला घातलेल्या मुलाला भेटायला निघालेलं एक जोडपं आमच्याच डब्यात होतं. गाडी वळवायची म्हणजे कुणाला तरी वाटेत सोडायचं, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त चिडलो.

शुक्रवार, २२ मे. पहाटे २.४५, भवानी मंडी

ह्या स्टेशनातून मध्य प्रदेश आणि राजस्थान यांची हद्द जाते. गाडी बराच वेळ अशी उभी राहिली की अर्धे डबे एका राज्यात असावेत. एरवी ही गंमत मुलीला उठवून दाखवली असती.

सकाळी ७.१०, सवाई माधोपूर

इथे गाडी थांबली आणि मग सगळंच थांबलं.

फलाटावर आधीच एक गाडी उभी होती, पलीकडे आणखी एक. तिन्ही गाड्यांची माणसं खाली उतरलेली. नळावर रांग, रांगेत भांडण. आठ वाजता ऊन असं तापलं की डब्याच्या पत्र्याला हात लावता येईना. संडासातलं पाणी रात्रीच संपलं होतं. चहाचा भाव साडेसातपर्यंत एक आणि नंतर दुसरा. केळ्यांचंही तसंच. तरी एका विक्रेत्यानं सासूबाईंना पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवायला हवं.

गंगापूर, हिंडौन, मथुरेचे प्रवासी इथेच उतरले. बाहेर जीपवाले उभे होते, आणि जीपचे दर ऐकून काहीजण परत आत आले. आमचे व्यापारी मात्र सराईतासारखे निघाले. जाताना म्हणाले, हे दोन दिवसांत मिटणार नाही, तुम्ही जयपूरची आशा धरा. वृंदावनला बांकेबिहारीच्या दर्शनाला निघालेला सात-आठ बायकांचा एक मराठी गट होता, जळगावकडचा. त्यांच्या म्होरक्या बाईंनी चौकशी खिडकीवर जे ऐकवलं त्यानं खिडकीतला माणूस दोन मिनिटं खुर्ची सोडून गेला. त्या बिचाऱ्याला वरून काही कळवलेलंच नव्हतं. त्याच्याकडे एक फोन होता आणि तो आमच्याइतकाच मुका होता.

स्टेशनच्या भिंतींवर रणथंभोरचे वाघ रंगवलेले आहेत, सुंदर. मुलीनं ते दोनदा मोजून काढले. तिसऱ्यांदा मोजायला ती तयार नव्हती.

अशा वेळी गाडीतल्या गप्पा कुठे जातात हे बघण्यासारखं असतं. आठला सगळे आंदोलकांना शिव्या देत होते. नऊला रेल्वेला. साडेनऊला सरकारला. दहाच्या सुमाराला प्रत्येकजण आपापल्या जातीला काय मिळालं आणि काय मिळालं नाही यावर आला, आणि मग आवाज इतके चढले की पोलिसाला डोकावून जावं लागलं. रात्रीचा तो फटकावणारा गृहस्थही आपल्या समाजाच्या मागण्या सांगत होता. त्यांच्याकडे रूळ नव्हते, एवढाच फरक.

सकाळी १०.५०

मागच्या बाजूला डिझेलचं इंजिन लागलं. जयपूरला जायचं तर इथे गाडीचं तोंड फिरवावं लागतं. जी खिडकी सावलीची म्हणून मुलीनं धरली होती ती उन्हात गेली.

दुपारी ४.००, जयपूर आणि बांदीकुईच्या मध्ये कुठेतरी

जुन्या दिल्लीहून काठगोदामची गाडी सुटली. आमच्या चार जागा तिच्यात रिकाम्या गेल्या, किंवा टीसीनं कुणाला दिल्या असतील.

त्या तिकिटांचे पैसे मिळणार नव्हते. ही गाडी वळवली म्हणून आम्ही प्रवास सोडला असता तर हिचे पैसे परत मागता आले असते. पण आम्ही प्रवास केला होता. आणि दुसरी गाडी तर वेळेवर सुटली होती, तिचा काय दोष? दोन पीएनआर, दोन वेगळे करार. नियमाप्रमाणे आम्ही काठगोदामला जायला निघालोच नव्हतो.

रात्री ९.२०, दिल्ली

रात्रीच्या काठगोदामच्या गाडीला प्रतीक्षायादी शंभरावर. रिक्षा करून आनंद विहारला गेलो, हल्द्वानीची साधी एसटी मिळाली, सासूबाईंना पुढची जागा आणि आम्हा तिघांना चाकावरची. हॉटेलनं पहिल्या रात्रीचे पैसे कापले आणि उरलेल्या दिवसांसाठी खोली बदलून दिली, तिच्या खिडकीतून तलावाऐवजी पाण्याची टाकी दिसे. स्वेटर मात्र उपयोगी पडले.

गुरुवार, २८ मे

नैनीतालला टीव्हीवर कळलं की मिटलं. रूळ अडवल्याला आठवडा झाला होता. मधल्या काळात सिकंदऱ्याला महामार्गही बंद झाला, उच्च न्यायालयानं सरकारला झापलं, केंद्रानं निमलष्करी दलं पाठवली. शेवटी मंत्री आणि आंदोलक जयपूरला एका टेबलाशी बसले आणि सरकारनं ५ टक्क्यांचं विधेयक आणायचं कबूल केलं. हे कबूल करायला २० मे हा दिवसही चालला असता. त्या दिवशी न्यायालयाची मर्यादा ५० टक्केच होती आणि २८ ला सुद्धा ५० टक्केच होती. मधल्या आठवड्यात फक्त गाड्या बदलल्या.

विधेयक सप्टेंबर २०१५ मध्ये मंजूर झालं. डिसेंबर २०१६ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला, कारण तेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा रुळांवर बसले, या वेळी सवाई माधोपूर जिल्ह्यात मलारना डूंगरजवळ, आणि पाचेक दिवसांत विधानसभेनं ५ टक्क्यांचं विधेयक पुन्हा मंजूर केलं. तेव्हा मुख्यमंत्री अशोक गेहलोत होते, पक्ष दुसरा होता, पद्धत तीच. नोव्हेंबर २०२० मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, परत पिलूपुरा. कर्नल बैंसला मार्च २०२२ मध्ये वारले.

रूळ अडवणं चूक आहे, हे माझं मत सवाई माधोपूरच्या उन्हात होतं आणि आजही आहे. पण अर्ज, शिष्टमंडळं आणि समित्यांनी जे हललं नाही ते दर वेळी याच रुळांवर बसल्यावर हललं, आणि हा धडा आंदोलकांना सरकारांनीच शिकवला.

राहता राहिलं तुमचं तिकीट. एप्रिल २०१९ पासून दोन लागोपाठच्या प्रवासांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात. पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर दुसरीचे पैसे परत मिळतात. मात्र दोन्ही तिकिटांवर नावं तंतोतंत सारखी हवीत आणि जोडणी प्रवासाआधी केलेली हवी. मे महिन्यात दिल्लीमार्गे वर जाणार असाल तर हे आठवणीनं करा, आणि निघायच्या आदल्या दिवशी वाटेतल्या राज्याचं एखादं वर्तमानपत्र चाळा.