इलेक्ट्रिक युनिसायकलवरील चित्रीकरण

इलेक्ट्रिक युनिसायकल या बॅटरीवर चालणाऱ्या, स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या एकचाकी वाहनावर स्वार होऊन ॲक्शन कॅमेऱ्याने केलेले हे चित्रीकरण होय. अमेरिकेतील संशोधक शेन चेन यांच्या सोलोव्हीलमुळे हे वाहन २०११ पासून लोकांसमोर आले.

या वाहनाला हँडल किंवा ब्रेकची कळ नसते. स्वार पुढे झुकला की वेग वाढतो, मागे झुकला की घटतो, आणि प्रत्येक वेळी चाकावरील कवचही थोडे कलते. त्यामुळे कवचावर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्यात क्षितिज वर-खाली होते. मुरमाच्या रस्त्यावरील थरथरही थेट चित्रात उतरते. कॅमेऱ्याचा संवेदक चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो, म्हणून अशा थरथरीत विजेचे खांबसुद्धा लहरताना दिसतात. हा दोष नंतर संगणकावर पूर्णपणे दूर करणे कठीण असते.

यामुळे कॅमेरा छातीवर किंवा हेल्मेटच्या हनुवटीपाशी बसवणे श्रेयस्कर ठरते, जरी हेल्मेटवरील कॅमेरा मान वळताच दृश्यही वळवतो. किंचित वाकलेले गुडघे धक्के शोषून घेतात. गॅरेट ब्राऊन यांच्या स्टेडीकॅममध्ये स्प्रिंगयुक्त भुजा करते तेच काम येथे पाय करतात. उरलेली हालचाल कॅमेरा चित्राच्या कडा कापून झाकतो. गोप्रोने २०१८ मध्ये आणलेल्या हीरो ७ ब्लॅकमध्ये ही सोय विशेष परिणामकारक होती. मात्र संध्याकाळच्या मंद प्रकाशात शटर अधिक काळ उघडे राहते आणि स्थिर केलेले चित्रही पुसट येते. अशा वेळी हातातील गिम्बल उपयोगी पडतो. परंतु तोल गेल्यास सावरण्यासाठी तो हात मोकळा नसतो.