वर्ध्याचा ठराव आणि जपानी आक्रमणाची छाया

१९४२ च्या जुलै महिन्याच्या १४ तारखेस काँग्रेसच्या कार्यकारी समितीने वर्धा येथे जो ठराव संमत केला, त्याचे स्मरण आज मुख्यतः 'छोडो भारत' चळवळीची नांदी म्हणून केले जाते. हे खरे असले तरी अपुरे आहे. ठरावाचा मजकूर बारकाईने वाचला असता असे दिसते की, ब्रिटिश सत्तेइतकाच त्यात जपानी आक्रमणाचा विचार आहे. किंबहुना सत्तात्यागाची मागणी या आक्रमणाच्या प्रतिकाराचा उपाय म्हणूनच मांडली आहे. तरीही जपानला अनुकूल असल्याचा आरोप काँग्रेसवर त्या काळी झाला आणि तो पुष्कळ दिवस टिकला. असे का झाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने इतिहासाच्या क्षेत्रात पाऊल टाकणे काहींना रुचणार नाही. परंतु येथे वाद बराचसा शब्दांचाच आहे.

प्रथम परिस्थिती ध्यानात घ्यावी. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मार्चमध्ये रंगून गेले आणि त्याच महिन्यात अंदमान बेटे जपानच्या हाती आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोलंबोवर आणि त्यापाठोपाठ विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बाँब पडले. जपान हिंदुस्थानावर चालून येणार की नाही, हे कोणासच निश्चित ठाऊक नव्हते; पण येणार असे धरूनच सर्वजण बोलत होते. काँग्रेस त्या वेळी सत्तेबाहेर होती. मध्यप्रांत-वऱ्हाडासह सर्व काँग्रेसी मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले होते. क्रिप्स यांची शिष्टाई १९४२ च्या एप्रिलात फसली. म्हणजे देशाच्या संरक्षणाची जबाबदारी एकाकडे, आणि लोकांचा विश्वास दुसऱ्याकडे, अशी ही स्थिती होती. आजच्या संसदीय अर्थाने काँग्रेसला 'विरोधी पक्ष' म्हणणे सैल होईल; पण परचक्राच्या वेळी सत्ताधाऱ्यांच्या विरोधकाने कसे बोलावे, हा पेच तोच होता.

या पेचाचा पहिला लेखी आविष्कार सेवाग्रामात झाला. एप्रिलच्या अखेरीस अलाहाबादेस भरणाऱ्या बैठकीसाठी गांधीजींनी ठरावाचा एक मसुदा मीराबेन यांच्या हाती पाठविला; ते स्वतः गेले नाहीत. जपानचे भांडण हिंदुस्थानाशी नसून ब्रिटिश साम्राज्याशी आहे, ब्रिटिश निघून गेले तर स्वतंत्र हिंदुस्थानाचे पहिले पाऊल बहुधा जपानशी बोलणी करण्याचे असेल, आणि परदेशी सैनिक येथे आणणे अनिष्ट आहे, असा त्या मसुद्याचा आशय होता. जवाहरलाल नेहरूंनी त्यावर उघड आक्षेप घेतला: हा सारा विचार जपानला अनुकूल असल्याचे जग समजेल. अखेर नेहरूंच्या मसुद्यावर तडजोड झाली. पुढे मे महिन्यात पोलिसांनी अलाहाबादच्या कचेरीची झडती घेतली आणि या बैठकीची टिपणे सरकारच्या हाती पडली.

एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांत सेवाग्रामच्या पत्रव्यवहारात जे घडले, ते या विषयाचे मर्म होय. 'हरिजन'च्या १० मेच्या अंकात गांधीजी असे लिहीत होते की, ब्रिटिशांचे येथील अस्तित्व हेच जपानला आमंत्रण आहे. जूनच्या आरंभी अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामास आठवडाभर राहून गेले. त्यांनी सरळ विचारले की, ब्रिटिश फौजा निघून गेल्या तर जपान आत शिरेल आणि चीन एकाकी पडेल, त्याचे काय? गांधीजींनी या प्रश्नापुढे आपली भूमिका बदलली. १४ जून रोजी चँग कै-शेक यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आश्वासन दिले की, आपली मागणी जपानविरुद्ध हिंदुस्थानाचे संरक्षण कोणत्याही प्रकारे दुर्बल करणार नाही. १ जुलै रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिताना तर मित्रराष्ट्रांच्या फौजा स्वतंत्र हिंदुस्थानशी करार करून येथे राहू शकतील, हे स्पष्टच केले. अहिंसेच्या उपासकाने परकीय फौजांच्या वास्तव्यास दिलेली ही मान्यता सामान्य नव्हती.

१४ जुलैचा ठराव या बदललेल्या भूमिकेवर उभा आहे. त्यातील युक्तिवाद असा: ब्रिटनविषयीची कटुता लोकांत वेगाने वाढत असून जपानच्या विजयाबद्दल समाधानही दिसू लागले आहे, ही गोष्ट काँग्रेसला भयावह वाटते, मलाया, सिंगापूर व ब्रह्मदेश येथे जे झाले ते येथे घडू नये, आणि सत्तांतर झाले तरच कटुतेचे सद्भावात रूपांतर होऊन आक्रमणाचा प्रतिकार करता येईल. जपानचा हल्ला परतविण्यासाठी मित्रराष्ट्रांच्या फौजा येथे ठेवण्यास काँग्रेस राजी आहे, आणि सत्ता काढून घेणे म्हणजे सर्व ब्रिटिश व्यक्तींनी देश सोडणे नव्हे, असेही खुलासे त्यात आहेत. मागणी अमान्य झाली तरच, आणि तेही नाइलाजाने, अहिंसक सामर्थ्याचा उपयोग करावा लागेल, अशी अट शेवटी आहे. चारच दिवसांनी, १८ जुलैस, गांधीजींनी 'प्रत्येक जपान्यास' उद्देशून अनावृत पत्र लिहिले आणि चीनवरील आक्रमणाचा निषेध करून, हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल या भ्रमात राहू नका, असे बजावले. ज्याला जपानचा हस्तक ठरविण्यात आले, त्या गृहस्थाचे हे लेखन आहे!

आता शब्दांकडे वळू. ठरावाच्या इंग्रजी मुळात जे जावयाचे होते, ती 'सत्ता' होती. मराठी मुलुखात जी घोषणा रुजली, ती 'चले जाव' ही होय. हे हिंदुस्तानी आज्ञार्थी रूप आहे, आणि मराठी माणूस ते 'चालते व्हा' या अर्थी ऐकतो. सत्तेला कोणी 'चालते व्हा' म्हणत नाही. ते समोरच्या माणसाला म्हणतात. कर्ता बदलला, तसा अर्थही बदलला. शिवाय आज्ञार्थाला अट जोडता येत नाही असे नाही, पण घोषणेत ती टिकत नाही. फौजा राहतील, व्यक्ती राहतील, सत्ता मात्र जाईल, हे तीन पदरी विधान दोन शब्दांत मावणे शक्यच नव्हते. घोषणेचा दोष दाखविण्याचा येथे हेतू नाही, कारण लोक ठरावांनी उठत नाहीत.

महाराष्ट्रातील अन्य पुढाऱ्यांनी या प्रसंगी घेतलेल्या भूमिका परस्परांहून फार भिन्न होत्या. सावरकरांनी चळवळीस विरोध केला आणि हिंदू तरुणांच्या सैनिकीकरणाचाच आग्रह चालू ठेवला. कम्युनिस्टांच्या दृष्टीने सोव्हिएत रशियावरील हल्ल्यानंतर हे युद्ध 'लोकयुद्ध' झाले होते. जुलैत त्यांच्या पक्षावरील बंदी उठली. ८ ऑगस्ट रोजी मुंबईस महासमितीत ठरावाविरुद्ध जी तेरा मते पडली, ती मुख्यतः त्यांची. आणि गांधीजींनी त्या तेरा जणांचे त्यांच्या धैर्याबद्दल अभिनंदन केले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

डॉ. आंबेडकरांचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. वर्ध्याच्या ठरावानंतर अवघ्या चार-पाच दिवसांनी जवळच नागपूरला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. शत्रू दाराशी उभा असता कायदा व सुव्यवस्था दुबळी करणे हे वेडेपण होय, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. ब्रिटिश सत्ता गेल्यावर देशातील जबाबदार स्त्रीपुरुष एकत्र येऊन हंगामी सरकार बनवतील, एवढेच ठरावात म्हटले आहे. ते कोणी, किती दिवसांत आणि अल्पसंख्यांच्या कोणत्या हमीवर, याचे उत्तर त्यात नाही. जपानधार्जिणेपणाचा आरोप टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु मधल्या काळाचा विचार अपुरा होता, हा आक्षेप टिकतो.

ठरावाचे पुढे जिल्ह्यात काय झाले, हे पाहण्यास आर्वी तहसील सोयीची आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील पुलगावाहून आर्वीस अरुंद रुळांची गाडी १९१७ पासून जात असे, आणि रोहणा हे त्या वाटेवरचे स्टेशन. अशा गावी पोचणारी वार्ता संपूर्ण ठरावाची असणे कठीण. पोचावयाची ती घोषणाच. ठरावाचा अर्थ लावून सांगणारे पुढारी ९ ऑगस्टच्या पहाटेपासून तुरुंगात पडले होते, आणि त्याच महिन्यात 'हरिजन'ही बंद पडले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हा आर्वी तहसिलीत असलेल्या आष्टी येथे जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबारात सहा जण हुतात्मे झाले, आणि फौजदारासह काही पोलीसही मारले गेले. चिमूरचा प्रसंग त्याच दिवशीचा. आष्टीच्या त्या जमावाच्या मनात जपान होता, असे मानण्यास काहीही आधार नाही. पण ठरावातील अटीही त्याच्या मनात नसाव्यात.

सरकारने मात्र ही सर्व सूत्रे एकत्र गुंफली. अलाहाबादची जप्त टिपणे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे महासमितीच्या बैठकीच्या तोंडावर, प्रसिद्ध करण्यात आली. आणि १९४३ च्या फेब्रुवारीत रिचर्ड टॉटनहॅम यांची प्रस्तावना असलेली, दंगलींची जबाबदारी काँग्रेसवर टाकणारी पुस्तिका निघाली. एप्रिलमधील फेटाळलेल्या मसुद्याच्या आधारे जुलैच्या ठरावाचा अर्थ लावावयाचा, ही तिची रीत. आगाखान राजवाड्यातून गांधीजींनी १५ जुलै १९४३ रोजी तिला सविस्तर उत्तर धाडले. बदललेली भूमिका बदलल्या तारखेनिशी वाचावी, एवढेच त्या उत्तराचे एक मोठे मागणे होते. ते सरकारने मान्य केले नाही.