सुरतेचे कापड आणि विणकराची भाकर

सुरतेचे नाव निघाले की आपल्या मराठी घरांत प्रथम १६६४ साल आठवते. महाराजांनी हे शहर हेरले ते त्याच्या संपत्तीमुळे. पण ती संपत्ती कोणाच्या श्रमातून उभी राहिली, याचा विचार आपण क्वचितच करतो.

तिचा मोठा भाग कापडाचा होता. गुजरातचे सुती कापड तांबड्या समुद्रावरील बंदरांत पूर्वापार जात असे. १६१३ मध्ये जहांगीराच्या फर्मानाने इंग्रजांची वखार येथे स्थिरावली, मागोमाग डच आले, आणि तेच कापड युरोपात जाऊ लागले. वीरजी व्होरासारखे सावकार गडगंज झाले. विणकर मात्र दलालाकडून उचल घेऊन माग चालवी आणि त्या उचलीतच बांधला जाई. १६३०-३२ च्या भीषण दुष्काळात असंख्य विणकर मेले, कित्येक परागंदा झाले. कापड महागताच कंपन्यांनी खरेदी कोरोमंडल किनाऱ्याकडे वळवली. दोन दशकांच्या निर्यातीने विणकराच्या घरात एका दुष्काळापुरतेही धान्य साठले नव्हते.

मग निर्यातीने दारिद्र्य हटतच नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. बांगलादेशात १९८० नंतर तयार कपड्यांच्या कारखान्यांनी लक्षावधी स्त्रियांच्या हाती रोख मजुरी दिली. मात्र २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा कुठे परदेशी खरेदीदार इमारतींच्या तपासणीच्या करारास बांधले गेले. रोजगार व्यापाराने दिला. सुरक्षितता मात्र मागून घ्यावी लागली.

आजची सुरत मुख्यतः कृत्रिम धाग्याचे कापड विणते आणि त्यातील बहुतांश देशातच खपते. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेले आपले कितीतरी बांधव यंत्रमागांवर राबतात. बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी हे तेथील परिचित चित्र. शासकीय सेवेत आम्ही उत्पादनाचे तक्ते पुष्कळ चाळले. त्यांत मीटर होते, रुपये होते. विणणाऱ्याच्या घरात काय उरले, याचा रकाना नव्हता. तो आम्हीही कधी मागितला नाही, ही खंत आज नोंदवतो.

आपण जुनी घराणी वखारींचा इतिहास अभिमानाने सांगतो. लिंबायतच्या मागावरील मराठी माणसाचा इतिहासही आपलाच आहे. तो सांगणारे वृद्ध हयात आहेत तोवर लिहून ठेवावा, एवढीच विनंती.