कॉलेजच्या कबड्डी संघाचा ‘सीझन’ कसा असतो? कळमनुरी ते खेलो इंडिया

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे व्हिडीओ इन्स्टाग्रामवर अनेकांनी पाहिले असतील. खच्चून भरलेलं स्टेडियम, बँड आणि हेल्मेट घातलेले खेळाडू. तिथल्या मोठ्या कॉलेज संघांना एका हंगामात साधारण 12 सामने मिळतात. ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक शनिवारी मॅच ठरलेली. पहिले तीन सामने हरले तरी चौथा होतोच.

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात कॉलेजचा संघ म्हटलं की आठवते कबड्डी, खो-खो किंवा व्हॉलीबॉल. या संघाचा हंगाम मात्र एका दुपारीही संपू शकतो. मग वर्षभर सराव करणाऱ्या खेळाडूला पुढे संधी कशी मिळते? कबड्डीचं उदाहरण घेऊन पाहू.

पहिली पायरी: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा

कळमनुरीतलं शंकरराव सातव कला व वाणिज्य महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. 1994 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांत आहे. संलग्न कॉलेजांचे संघ आधी एकमेकांशी भिडतात.

असे सामने सहसा बाद पद्धतीने होतात. म्हणजे हरला तो बाहेर. कबड्डीत पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांच्या दोन सत्रांचा, महिलांचा 15-15 मिनिटांचा. पहिल्याच फेरीत हार झाली, तर कॉलेज संघाचा त्या स्पर्धेतला प्रवास 40 मिनिटांत आटोपतो.

दुसरी पायरी: विद्यापीठाचा संघ

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. विद्यापीठाचा संघ म्हणजे स्पर्धा जिंकलेल्या कॉलेजचा संघ नव्हे. वेगवेगळ्या कॉलेजांतले चांगले खेळाडू निवडून तो तयार होतो. त्यामुळे कॉलेज हरलं तरी चांगली चढाई किंवा भक्कम पकड करणारा खेळाडू विद्यापीठाच्या संघात जाऊ शकतो. अमेरिकेत कॉलेजचा संघच हंगामभर एकत्र खेळतो. इथे संघ मागे राहतो आणि निवडलेला खेळाडू पुढे जातो.

तिसरी पायरी: पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय स्पर्धा

देशातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचं काम भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था पाहते. त्यासाठी देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम असे चार विभाग आहेत. महाराष्ट्रातली विद्यापीठं पश्चिम विभागात गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याच्या विद्यापीठांशी खेळतात. प्रत्येक विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेत जातात. तिथले पहिले आठ संघ ‘खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स’साठी पात्र ठरतात. या गेम्सची सुरुवात 2020 मध्ये भुवनेश्वरला झाली.

याशिवाय राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ हा क्रीडा महोत्सव असतो. त्यातही कबड्डी आहे.

कोण खेळू शकतं?

खेळाडू विद्यापीठाचा किंवा संलग्न कॉलेजचा नियमित विद्यार्थी हवा. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय 17 ते 25 वर्षांच्या दरम्यान लागतं. कागदपत्रांत जन्मतारीख किंवा नाव जुळलं नाही, तर चांगला खेळाडूही बाहेर बसू शकतो.

ग्रामीण खेळाडूंची खरी अडचण काय?

पहिली अडचण मॅटची. गावात कबड्डी मातीवर, अनवाणी खेळली जाते. वरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि तिथे बूट लागतात. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं असतं. तेवढी मॅट प्रत्येक कॉलेजकडे नसते. मातीवर तयार झालेल्या खेळाडूला मॅटवरचा वेग आणि वळणं नव्याने अंगवळणी पाडावी लागतात.

दुसरी अडचण वेळेची. पावसाळ्यानंतर कॉलेज स्पर्धांचे दिवस येतात आणि त्याच सुमारास हिंगोली भागात सोयाबीनची काढणी सुरू होते. शेतकऱ्याच्या घरातल्या खेळाडूला सराव आणि शेत दोन्ही सांभाळावं लागतं.

मग एवढी धडपड कशासाठी?

खेळाची आवड आहेच, पण नोकरीचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट. मात्र नुसतं ‘कॉलेजकडून खेळलो’ एवढं पुरत नाही. स्पर्धेचा दर्जा, त्यात मिळालेलं स्थान आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून झालेली पडताळणी, हे सगळं पाहिलं जातं.

म्हणूनच कळमनुरीच्या खेळाडूसाठी कॉलेजची पहिली मॅच महत्त्वाची ठरते. संघ जिंको वा हरो, निवड समितीच्या नजरेत भरण्याची ती बहुतेकदा पहिली संधी असते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी कधीकधी शेवटचीही.