टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोरचनांची जलतापीय वाढ

टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोरचनांची जलतापीय वाढ ही बंद पात्रातील तप्त जलीय द्रावणात या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नलिका, तारा, शलाका किंवा गोल घडविण्याची रासायनिक पद्धत आहे. पदार्थ तोच असला तरी द्रावणाचे स्वरूप, तापमान, कालावधी आणि आधारपृष्ठ यांनुसार रचनेचा आकार व स्फटिकप्रकार बदलतो. प्रकाश-उत्प्रेरक, सौर घट आणि वायुसंवेदक म्हणून तिची उपयुक्तता यावरच अवलंबून असते.

पार्श्वभूमी

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य म्हणून परिचित आहे. ते ज्या खनिजांपासून मिळवतात त्यांपैकी इल्मेनाइट हे रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आढळते. या ऑक्साइडचे रुटाइल, अ‍ॅनाटेज व ब्रुकाइट हे तीन नैसर्गिक स्फटिकप्रकार प्रमुख आहेत. ऊर्जापट्टांतील अंतर रुटाइलमध्ये सुमारे ३.० आणि अ‍ॅनाटेजमध्ये सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्यामुळे दोन्ही प्रकार मुख्यतः अतिनील प्रकाश शोषतात.

पद्धत

टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी पात्रात (ऑटोक्लेव्ह) द्रावण भरून ते भट्टीत तापवतात. पात्र बंद असल्याने पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वरही द्रवरूप राहते. २०० अंशांना त्याचा बाष्पदाब सुमारे १५.५ बार होतो. या स्थितीत पदार्थ विरघळणे आणि त्याचे पुन्हा स्फटिकीभवन होणे या क्रिया वेगाने घडतात.

अभिक्रियेच्या स्थितींचा परिणाम

द्रावण : जपानमधील तोमोको कासुगा व सहकाऱ्यांनी १९९८ साली या ऑक्साइडवर सोडियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणाची ११० अंशांना २० तास अभिक्रिया घडवून सुमारे ८ नॅनोमीटर व्यासाच्या नलिका मिळविल्या. याउलट हायड्रोक्लोरिक अम्लाच्या तीव्र द्रावणात सामान्यतः रुटाइलच्या शलाका वाढतात. सल्फेट आयन अ‍ॅनाटेजला अनुकूल ठरतात, तर फ्लुओराइड आयनांमुळे अ‍ॅनाटेजचे एरवी अस्थिर असणारे स्फटिकपृष्ठ टिकून राहते.

तापमान : अल्कली द्रावणात तापमान वाढविल्यास नलिकांऐवजी तारा किंवा फिती मिळण्याकडे कल असतो. तयार नलिका पुढे हवेत तीव्र तापविल्या, तर त्या मोडतात व त्यांचे पृष्ठफळ घटते.

कालावधी व आधारपृष्ठ : बिन लिऊ व एराय आयडिल यांनी २००९ साली फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा विद्युतवाहक लेप असलेल्या काचेवर रुटाइलच्या उभ्या शलाका वाढविल्या. लेप व रुटाइल यांच्या स्फटिकजालकांची मापे जवळपास जुळत असल्याने हे साधले. वेळ वाढविल्यास शलाका लांब होतात. मात्र वाढीबरोबर विरघळण्याची क्रियाही चालू असल्याने फार वेळ ठेवल्यास थर काचेपासून सुटतो.

महाराष्ट्रातील संशोधन

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी जलतापीय पद्धतीने रुटाइलचे सूक्ष्मगोल तयार केले. हे काम २०११ साली ‘क्रिस्टइंजकॉम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

महत्त्व व मर्यादा

उभ्या शलाकांतून इलेक्ट्रॉनांना विद्युतअग्रापर्यंत सरळ मार्ग मिळतो. पोकळ नलिकांचे पृष्ठफळ मोठे असल्याने त्यांवर अधिक रेणू चिकटू शकतात. म्हणून सर्व उपयोगांसाठी एकच रचना सर्वोत्तम ठरत नाही. तसेच अनेक घटक एकाच वेळी परिणाम करीत असल्याने पात्र किती भरले, ते किती वेगाने तापवले व थंड केले आणि उत्पादन कसे धुतले यांची नोंद नसेल, तर तोच प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत तसाच साधणे कठीण जाते.